वणवा विझविणारे अनेक, अडविणारा कोण?

होळीच्या आगेमागे सह्याद्रीचे माथे रात्री पेटलेले दिसू लागतात. त्याच सुमारास मेळघाटात, गडचिरोलीत आणि गोंदियाच्या रानांत सागाच्या वाळक्या पानांखालून धूर निघू लागतो. मग वृत्तपत्रांतून ठरलेल्या क्रमाने बातम्या येतात. इतके हेक्टर क्षेत्र जळाले, इतक्या तासांनी आग आटोक्यात आली, चौकशीचे आदेश दिले गेले. जूनमध्ये मृगाच्या सरी कोसळतात आणि काळ्या पडलेल्या उतारांवर हिरवळ दिसू लागली की चौकशीही विसरली जाते. पाऊस हाच आपला सर्वांत भरवशाचा अग्निशामक आहे, असे म्हटले तर ते फारसे अतिशयोक्तीचे होणार नाही. परंतु ज्या संकटाचा महिना ठाऊक आहे, जागा ठाऊक आहेत आणि कारणेही ठाऊक आहेत, ते संकट दरवर्षी अनपेक्षितासारखे का येते, हा प्रश्न केवळ वनशास्त्राचा नाही. तो राज्यव्यवहाराचा आणि म्हणून काही अंशी अर्थशास्त्राचाही आहे.

वणव्यात गवत आणि पालापाचोळाच जळतो, पुन्हा पावसाळ्यात सारे हिरवे होते, अशी समजूत सुशिक्षितांतही आढळते. मार्च २०१८ मध्ये तामिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात गिर्यारोहणास गेलेल्या तरुण मंडळींना वणव्याने वेढले आणि वीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. एप्रिल २०२१ मध्ये आपल्याच गोंदिया जिल्ह्यात, नागझिऱ्याच्या जंगलातील आग विझविताना तीन हंगामी वनमजुरांचा होरपळून मृत्यू झाला. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातील बिनसर अभयारण्यात चार वनकर्मचारी जागीच मरण पावले. मार्च २०२३ मध्ये गोव्यात म्हादई अभयारण्य आणि सत्तरीच्या परिसरात आगी इतक्या पसरल्या की हवाई दल व नौदलाच्या हेलिकॉप्टरांतून पाणी टाकावे लागले. केंद्रीय पर्यावरण मंत्रालय आणि जागतिक बँक यांनी २०१८ मध्ये मिळून प्रसिद्ध केलेल्या अहवालात वणव्यांमुळे देशाचे होणारे नुकसान, हात राखून धरले तरी, वर्षाला सुमारे १,१०१ कोटी रुपये असल्याचे म्हटले आहे. जळालेले कोवळे रोप, करपलेली माती, आटलेला झरा आणि पाखरांची मोडलेली घरटी यांची किंमत अशा हिशेबात पुरती धरता येत नाही, हे सांगणे नकोच.

ठिणगी कोणाची, नुकसान कोणाचे?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाचे नाव परिचित असते. १९२० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने रेल्वे इंजिनातून उडणाऱ्या ठिणग्यांचे उदाहरण दिले आहे. इंजिन धावते, ठिणगी उडते, रुळाकाठचे रान जळते. पण त्या जळिताचा खर्च रेल्वेच्या जमाखर्चात कोठेच दिसत नाही. खर्च एकाने करायचा आणि भरायचा दुसऱ्याने, अशी स्थिती असली की ठिणग्या वाजवीपेक्षा अधिक उडणार, हा त्याचा मुद्दा. पुढे १९६० मध्ये रोनाल्ड कोझ याने हेच उदाहरण घेऊन प्रतिवाद केला की, हक्क कोणाचे हे स्पष्ट असेल आणि दोन्ही पक्षांना बोलणी करण्याचा फारसा खर्च पडत नसेल, तर ते आपसांत तोडगा काढू शकतात.

आपल्याकडील वणव्याला या दोन्ही विचारांची कसोटी लावून पाहावी. येथे ठिणगी पाडणारे एक नसून हजारो आहेत आणि नुकसान सोसणारेही हजारो. मोहाखालचा पाचोळा पेटविणाऱ्या कुटुंबाला त्या सकाळी फुले वेचणे सोपे जाते. पण आग पुढे डोंगर चढून गेली तर कोणाचे काय जळाले, हे त्याला कळतही नाही. जंगलावर नेमका हक्क कोणाचा, हे कित्येक ठिकाणी आजही निश्चित नाही. म्हणजे पिगूची अडचण पुरेपूर हजर आहे आणि कोझच्या तोडग्याच्या अटी मात्र गैरहजर. अशा ठिकाणी शासनाने मध्ये पडणे अपरिहार्य ठरते. पण शासन म्हणजे नेमके कोण, येथूनच खरी अडचण सुरू होते.

एक आग, सहा दारे

वने हा विषय १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेला. त्यामुळे धोरण केंद्राचे आणि जंगल राज्याचे. अग्निशमन सेवा घटनेच्या बाराव्या परिशिष्टानुसार नगरपालिकांकडे. त्यांचे बंब डांबरी रस्ता सोडून डोंगर चढू शकत नाहीत. गौण वनोपज अकराव्या परिशिष्टाने पंचायतींच्या विषयांत. आपत्ती व्यवस्थापन २००५ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाकडे. गायरान आणि पडीक जमीन महसूल खात्याची. रानातून गेलेल्या तारा वीज कंपनीच्या आणि रस्त्याकडेचे वाळलेले गवत बांधकाम खात्याचे. आग मात्र सातबारा पाहून पुढे सरकत नाही.

कोकणचे उदाहरण घेऊ. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वन नाममात्र असून झाडोरा बहुतांशी खाजगी जमिनींवर आहे. घरटी एखादा तरी माणूस मुंबईला. वरकस जमिनी वर्षानुवर्षे पडीक. त्यांवर माणसाच्या कमरेइतके गवत. पूर्वी ते कापून गुरांसाठी गंजी रचल्या जात. आता गुरेही कमी झाली आणि कापणारे हातही. भाजावळीची एखादी ठिणगी, कोणी टाकलेले विडीचे थोटूक, तारांचे घर्षण, काहीही पुरते आणि ऐन मोहराच्या दिवसांत आंबा-काजूची कलमे होरपळतात. वनरक्षक म्हणतो, क्षेत्र वनखात्याचे नाही. बंब येईपर्यंत आग विझलेली असते, कारण जळण्यासारखे काही उरलेले नसते. पंचनामा तलाठी करतो, पण आग कोठून आली हे त्याला ठाऊक नसते. दहा वर्षे वाढविलेली बाग एका दुपारी गमावलेला बागायतदार मग कोणत्या दारात उभा राहणार?

समन्वयाचा अभाव दाखविण्यासाठी आपल्याकडे कागदांचा अभाव मात्र नाही. केंद्राने २००० साली वणवा प्रतिबंधाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. २०१६ च्या उत्तराखंडातील भीषण आगींनंतर संसदीय समितीने अहवाल दिला. २०१८ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आला. त्यात विविध खात्यांनी एकत्र काम करावे, असे स्पष्ट लिहिले आहे. २००४ पासून भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांच्या साहाय्याने आगीची ठिकाणे टिपून वनखात्याला कळविते, आणि आता तर ही सूचना थेट नियतक्षेत्रातील वनरक्षकाच्या भ्रमणध्वनीवर पोहोचते. आकाशातून आग दिसते. पण जमिनीवर तिच्यापर्यंत जाणारा माणूस एकटा असतो, त्याच्या हाती बहुधा हिरवी फांदी असते, आणि नशीब असेल तर पालापाचोळा उडविणारे एखादे यंत्र. माहितीचा वेग वाढला. जबाबदारीचा वाढला नाही.

मार्चची अखेर आणि आगीचा हंगाम

या साऱ्यात एक बाब अशी आहे की तिच्याकडे धोरणकर्त्यांचे लक्ष जावयास हवे होते. महाराष्ट्रात आगीचा हंगाम साधारणपणे १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरला जातो. आपले आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. म्हणजे आगीच्या ऐन भरात सरकारी तिजोरीचे एक पुस्तक मिटते आणि दुसरे उघडते. जाळरेषा साफ करणे, त्यांवरील गवत वेळीच जाळून टाकणे, पाणवठे दुरुस्त करणे ही कामे हिवाळ्यात, पाचोळा वाळण्याआधी व्हावयास हवीत. अनुदान मात्र उशिरा आले तर ते फेब्रुवारीत खर्ची पडते आणि नव्या वर्षाचे अनुदान हाती येईपर्यंत वळीव पडून गेलेला असतो. हंगामी अग्निरक्षकाची मजुरी थकते ती नेमकी तेव्हा, जेव्हा त्याची सर्वाधिक गरज असते. हिशेबाचे वर्ष आणि निसर्गाचे वर्ष यांत असा छेद जात असेल, तर कितीही उत्तम आराखडा कागदावरच राहणार.

केंद्र-पुरस्कृत वणवा प्रतिबंध योजनेत केंद्राचा वाटा ६० टक्के व राज्याचा ४० टक्के, आणि हिमालयीन व ईशान्येकडील राज्यांसाठी ९० व १० टक्के असा आहे. वाटे कागदावर ठरलेले असले, तरी पैसा हंगामापूर्वी पोहोचला पाहिजे. मे २०२४ मध्ये उत्तराखंडच्या आगींचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा अपुऱ्या निधीबरोबरच आणखी एका गोष्टीकडे न्यायालयाने लक्ष वेधले: आगीच्या दिवसांत वनकर्मचारी निवडणुकीच्या कामावर होते! २०१४, २०१९ आणि २०२४ या तिन्ही लोकसभा निवडणुका एप्रिल-मेच्या सुमारास झाल्या. एका खात्याची तारीख दुसऱ्या खात्याच्या पंचांगात लिहिलेली नसते, याचे याहून बोलके उदाहरण कोणते?

आग फुकटची मजुरी करते

आग लावणारा तो कोण, याचा विचार केल्याशिवाय उपाययोजना अपुरी राहील. आपल्याकडील बहुतेक वणवे मानवनिर्मित आहेत, यावर तज्ज्ञांत मतभेद नाही. त्यावरून 'गावकरीच जंगल जाळतात' असा सोपा निष्कर्ष शहरात बसून काढला जातो. पण तो माणूस आग का लावतो? मोहाची फुले पहाटे गळतात; पाचोळ्यात ती दिसत नाहीत आणि वेचण्यास वेळ लागतो; काडी ओढली की जमीन स्वच्छ. तेंदूच्या झुडपांची छाटणी केली तर कोवळी, विडीला योग्य पाने येतात. पण छाटणीला मजूर लागतात. आग लावली की तीच पालवी फुकटात फुटते. गवताळ माथा जाळला की पहिल्या पावसात लुसलुशीत चारा येतो, अशी गुराख्याची धारणा. थोडक्यात, आग ही येथे फुकटची मजुरी आहे. ज्याच्या हाती भांडवल नाही आणि ज्याच्या श्रमाला भाव नाही, तो हेच साधन वापरणार. शिवाय तेंदूच्या आगीचा लाभ केवळ वेचणाऱ्या आदिवासीला होतो असे नाही. तो ठेकेदाराला आणि पुढे विडी कारखानदारालाही होतो. खटला मात्र झालाच तर पहिल्यावर.

यामागे इतिहासही आहे. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात राने राखीव केली, तेव्हा गावाचे रान सरकारचे झाले. १९२७ चा भारतीय वन कायदा आजही लागू आहे. त्याच्या २६ व्या कलमाने राखीव वनात आग लावणे हा गुन्हा आहे, आणि आग हेतुपुरस्सर वा घोर निष्काळजीपणाने लागली असेल तर त्या वनातील चराई व वनोपजाचे हक्क तहकूब करण्याचा अधिकार सरकारला आहे. ७९ व्या कलमाने वनहक्क उपभोगणाऱ्यांवर आगीची खबर देण्याचे व ती विझविण्यास साहाय्य करण्याचे बंधन घातले आहे. एकाने आग लावली तर शिक्षा सर्वांना, आणि खबर द्यायची तीही त्यांनीच, अशी ही योजना. अशा स्थितीत साक्षीदार मिळत नाहीत, यात नवल ते काय? परक्याच्या मालकीचे रान जळताना पाहणारा माणूस आणि स्वतःचे रान जळताना पाहणारा माणूस यांच्या धावण्यात फरक पडणारच.

याची उलट बाजूही आपल्याच राज्यात पाहावयास मिळते. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावला असाच हक्क मिळाल्यावर तेथील ग्रामसभेने तेंदूपाने तोडावयाचीच नाहीत, असा ठराव केला. कारण त्यासाठी झाडांची छाटणी व जंगलाची जाळपोळ होते. बांबूच्या विक्रीवर हक्काचे उत्पन्न मिळत असल्यामुळे तेंदूच्या पैशावर पाणी सोडणे त्यांना परवडले. कोझने सांगितलेली अट, म्हणजे हक्कांची निश्चिती, येथे पूर्ण झाली आणि लोकांनी आपसांत बसून तोडगा काढला. कोणत्याही समन्वय समितीची सभा त्यासाठी भरवावी लागली नाही.

पोर्तुगालने काय केले?

अर्थात सर्वत्र ग्रामसभा पुरी पडेल असे नाही. खाजगी तुकड्यांत विभागलेल्या कोकणासारख्या प्रदेशाला पोर्तुगालचा अनुभव अधिक उद्बोधक ठरावा. तेथेही जंगल बहुतांशी खाजगी मालकीचे, खेडी ओस पडलेली, शेते रानाने गिळलेली. जून २०१७ मध्ये पेद्रोगाव ग्रांदे येथे साठाहून अधिक माणसे वणव्यात मेली, त्यांतील पुष्कळशी रस्त्यावर मोटारींत अडकून. त्याच वर्षी ऑक्टोबरात पुन्हा सुमारे पन्नास बळी गेले. त्यानंतर त्या देशाने तीन गोष्टी केल्या. पहिली, पंतप्रधानांच्या अखत्यारीत एक स्वतंत्र यंत्रणा स्थापून वने, नागरी संरक्षण, लष्कर व नगरपालिका यांच्या कामाचा एकच आराखडा व एकच हिशेब ठेवावयास सुरुवात केली. दुसरी, २०१७ पर्यंत एकूण खर्चाचा जेमतेम पाचवा हिस्सा प्रतिबंधावर आणि उरलेला आग विझविण्यावर होत असे. पुढील काही वर्षांत प्रतिबंधाचा वाटा जवळजवळ निम्म्यावर आणला. तिसरी, घराभोवती ५० मीटर व वस्तीभोवती १०० मीटर पट्ट्यातील वाळका झाडोरा कमी करण्याचा जुनाच कायदा कडकपणे लागू केला, आणि गावोगाव एकेक स्थानिक जबाबदार व्यक्ती नेमून आश्रयाची जागा व बाहेर पडण्याची वाट आधीच ठरवून ठेवली.

यामुळे पोर्तुगालमधील वणवे थांबले असे नव्हे. २०२४ व २०२५ मध्ये तेथे पुन्हा प्रचंड क्षेत्र जळाले. परंतु २०१७ सारखा मनुष्यसंहार झाला नाही. वणवा अजिबात लागू न देणे हे कोणत्याही सरकारच्या हाती नाही. तो माणसांच्या वस्तीपर्यंत पोहोचू न देणे हे पुष्कळ अंशी आहे, एवढा धडा त्यातून निश्चित मिळतो.

काय करता येईल?

'समन्वय' हा शब्द आपल्याकडे फार स्वस्त झाला आहे. प्रश्न आला की समिती, समितीत दहा खात्यांचे प्रतिनिधी, आणि दहांची जबाबदारी म्हणजे कोणाचीच नाही. त्यामुळे आणखी एक समिती नेमावी, अशी सूचना करण्यात अर्थ नाही. समन्वयाची खरी खूण दोनच ठिकाणी दिसते: पैसा कोणाच्या हाती आणि जाब कोणाला.

यासाठी पहिली गोष्ट म्हणजे वणव्याचे वर्ष आर्थिक वर्षापासून वेगळे करावे. ऑक्टोबरमध्ये निधी जिल्ह्यात पोहोचावा आणि ३१ मार्चला तो परत न जाता १५ जूनपर्यंत वापरता यावा. दुसरी, वणवाप्रवण जिल्ह्यांत जिल्हाधिकारी व उपवनसंरक्षक यांच्या संयुक्त सहीने एकच आराखडा असावा. त्यात सरकारी वन, महसुली पड, खाजगी माळ, वीजवाहिन्या व रस्त्यांच्या कडा या सर्वांचा समावेश असावा, आणि हंगामानंतर त्यावर काय झाले याचा जाहीर हिशेब द्यावा. २००३ ते २०१६ या काळात देशात नोंदल्या गेलेल्या आगींपैकी ४४ टक्के केवळ २० जिल्ह्यांत होत्या, असे उपरोक्त अहवाल सांगतो. तेव्हा आरंभ कोठून करावा, याबद्दल शंका उरू नये.

तिसरी गोष्ट, दंडाऐवजी मोबदल्याचा विचार व्हावा. ज्या ग्रामसभेचे वन हंगामभर जळले नाही, तिला दर हेक्टरी ठराविक रक्कम मिळावी. उपग्रहाचा पुरावा उपलब्ध असल्याने पडताळणी अवघड नाही. यावर आक्षेप येईल की, आग न लावण्याबद्दल पैसे देणे म्हणजे खंडणी देणेच होय. आक्षेप अगदीच पोकळ नाही. परंतु वर्षभर जंगल राखणे हे श्रमाचे काम आहे आणि श्रमाचा मोबदला ही खंडणी नव्हे. आपण आज तेच श्रम फुकट मागतो आणि मिळाले नाहीत की गुन्हे दाखल करतो. त्याबरोबरच मोहाखाली जाळी बांधून फुले झेलण्याचा जो प्रयोग मध्य भारतात झाला आहे, तो सार्वत्रिक करावा. फुले स्वच्छ मिळतात, त्यामुळे भावही बरा येतो. तेंदूच्या लिलावातच छाटणीच्या मजुरीची तरतूद असावी, आणि त्या घटकात आग लागल्यास ठेकेदाराच्या अनामतीला कात्री लागावी. ठिणगीचा खर्च ज्याच्या वहीत दिसावयास हवा, त्याच्या वहीत तो असा लिहिता येतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. प्रत्येक आग शत्रू नव्हे. कर्नाटकातील बिळिगिरीरंगन टेकड्यांतील सोलिगा लोक हंगामाच्या आरंभी हलकी आग फिरवून पाचोळा कमी करीत असत; ती प्रथा बंद पडल्यावर तेथे घाणेरीचे रान माजले, असे अभ्यासकांना आढळले. थोडी, वेळेवर आणि जाणत्यांच्या देखरेखीखाली लावलेली आग मोठी आग टाळू शकते. वनखात्याच्या जाळरेषा याच तत्त्वावर आहेत. सरसकट बंदीपेक्षा कोठे, केव्हा व कोणी, हे ठरविणे शहाणपणाचे.

शेवटची गोष्ट सर्वांत आधी व्हावयास हवी. आग विझविण्यास जो माणूस पाठविला जातो, तो बहुधा रोजंदारीवरचा हंगामी मजूर असतो. त्याला जाड कपडे, पायांत बूट, पिण्याचे पाणी, थोडे प्रशिक्षण आणि विम्याचे कवच यांपैकी काय मिळते? नागझिऱ्यात मेलेले तिघे हंगामी मजूरच होते. हेलिकॉप्टर उडविण्यास लागणाऱ्या पैशाच्या तुलनेत या गोष्टींचा खर्च किरकोळ आहे. मग तो होत का नाही? याचे उत्तर अर्थशास्त्रात सापडणार नाही. हेलिकॉप्टर सर्वांना दिसते, बूट कोणाला दिसत नाहीत.

तापमान वाढत आहे, उन्हाळे लांबत आहेत आणि वस्त्या जंगलाच्या अंगावर सरकत आहेत. डोंगरउतारांवरची विश्रांतिगृहे आणि बंगले यांची संख्या पाहता, वणवा हा उद्या केवळ आदिवासी व बागायतदारांचा प्रश्न राहणार नाही. तो शहरवासीयांच्या दाराशी आल्यावर कदाचित तातडीने सुटूही लागेल. पण तोवर वाट पाहणे हे सुसंस्कृत राज्यव्यवस्थेला शोभणारे नाही. पुढील फेब्रुवारी उजाडण्याआधी मधला हिवाळा हाती आहे. जाळरेषा त्यातच साफ व्हाव्या लागतात, आणि अनुदानाच्या धारिकाही त्यातच निकालात निघाव्या लागतात.